एका ब्रेकची धवलारीण

माझ्या सासूच्या सायकलला एकच ब्रेक होता, आणि तोही पुढचा. यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी जागेवरून झाली नाहीत, सोन्यावरून झाली नाहीत आणि माझ्या हातच्या भाकऱ्यांवरूनसुद्धा झाली नाहीत. भाकऱ्यांवरून रोज व्हायची, म्हणजे विचार करा.

सासूचं नाव रंभा. राहायला बाळकुमच्या गावठाणात. आजूबाजूला टॉवर उठले, त्यांच्या मधोमध बैठ्या घरांच्या ज्या गल्ल्या उरल्यात, त्यातली एक आमची. वय साठीच्या पुढे. किती पुढे ते विचारायची कुणाची टाप नाही. अंगाने काडी, पण आवाज असा की तिने गल्लीच्या तोंडाशी 'अक्षदा' म्हणून हाक मारली की टॉवरमधली कुणी अनोळखी अक्षदाही गॅलरीत येते. मी आपली सून अक्षदा. माजिवड्याला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे 'तोंड उघडा' म्हणायचं काम डॉक्टरांचं. घरी तोंड बंद ठेवायचं काम माझं, आणि ते मला आजपर्यंत जमलेलं नाही.

आई, म्हणजे माझी सासू, धवलारीण आहे. मी डोंबिवलीची, माहेर मूळचं साताऱ्याकडचं. आमच्याकडे लग्न म्हणजे भटजी आणि माइक. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणी लागतात, मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं त्या म्हणतात आणि त्या म्हणाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, हे मला माझ्याच लग्नात कळलं. माझ्या आईलाही तेव्हाच कळलं. तिला वाटलं मुलाकडच्यांनी गाणारी बाई बोलावलीय. तिने त्या बाईला चहाचा कप दिला आणि विचारलं, 'अहो, विहीणबाई दिसत नाहीत कुठे?' सासू म्हणाली, 'मीच ती. आदी गानं होऊ दे.' तेव्हापासून माझ्या माहेरी तिचा दरारा आहे.

मी पहिल्या दिवशी 'अहो आई' म्हटलं तर तिने मला तिथेच थांबवलं. 'मना अहो नको बोलू, मी कं तुजी बाई हाय शालंची?' म्हणून मी अगं म्हणते. तिच्या बोलण्यात ड चा र होतो आणि ळ चा ल. महिन्याभरात सवय झाली, आता डोंबिवलीला गेले की तिथलेच लोक मला विचित्र बोलतात असं वाटतं.

तर सायकल. सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, नाव काळुराम. ते कोलशेतच्या एका कंपनीत होते, आता रिटायर. आईला गावोगाव लग्नांना जावं लागायचं म्हणून त्यांनी तिला एक लेडीज सायकल आणून दिली. साधी, गिअरबिअर नाहीत. आई पटकन शिकली, पण एक घोटाळा झाला. सायकल चालू झाली की आईचं गाणं चालू व्हायचं, आणि गाणं चालू झालं की डावा हात ताल धरायचा. हँडलच्या मुठीवर बोटं आपटायची. मधे तो ब्रेकचा खटका यायचा. ताल धरता धरता खटका दाबला जायचा आणि सायकल भर रस्त्यात आचके देत चालायची. बाबांनी दोन दिवस बघितलं आणि डावा खटका, तार, मागचा ब्रेक, सगळं उतरवून ठेवलं. उजव्या हाताचा, पुढच्या चाकाचा तेवढा राहिला. याबद्दल त्यांना कुणी बोललं की ते एकच सांगतात, 'मी ब्रेक नय कारला. तिचा हात मोकला केला.' एरवी बाबा फारसं बोलत नाहीत. त्यांच्या वाटचं आई बोलते.

ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत. सगळी आईच्या डोक्यात, आणि डोकं चालतं ते सायकलवर. लग्नाला जाताना ती वाटेतच सगळं गाणं एकदा घोळवून घेते. ओळ संपली की दोन फेरे उलट पेडल मारते, चाक कर्रर्र करतं, तेवढ्यात तिला पुढची ओळ सापडते. मी एकदा म्हटलं, अगं रिक्षाने जात जा, नवरीकडचे पाठवतात ना. तर म्हणाली, 'रिक्सान बसलं का गानं मांगं रातं.' मला तेव्हा वाटलं, म्हातारीचे चोचले. गाण्याला जोडीदारीण लागते, एक पुढे म्हणते आणि दुसरी झेलते. आईची झेलणारी म्हणजे प्रमोदिनी मावशी. गुडघे गेले म्हणून ती कल्याणला मुलाकडे राहायला गेली आणि आई एकटी पडली. शिकायला कुणी तयार नाही. नणंद शीला म्हणते मला वेळ नाही, आणि माझा आवाज ऐकून आईनेच हात जोडले.

आता माझा नवरा धनेश. हा मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्यापुढे ब्रेक असतो तसा शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाखालीही एक असतो. गेली पंधरा वर्षं हा माणूस त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलाय. त्यामुळे जगात कुठल्याही गोष्टीला एकच ब्रेक असू शकतो हे त्याला सहन होत नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसला तरी त्याचा पाय फूटरेस्टवर दाबत असतो. आईच्या सायकलकडे तो असा बघायचा की जणू घरात साप पाळलाय. पण आईला बोलणार कोण?

दिवाळीनंतरची गोष्ट. तुळशीची लग्नं लागली, आईचा सीझन सुरू झाला. कोलशेतहून येताना एका बांधकामासमोर रस्त्यावर रेती सांडलेली. समोरून कुत्रं आडवं आलं, आईने ब्रेक दाबला, पुढचं चाक रेतीवर सरकलं आणि आई थेट कडेच्या भाजीवालीच्या मेथीवर. कोपर खरचटलं, एवढंच. चुरगळलेल्या जुड्या आई घरी घेऊन आली, आणि रात्री पानात मेथीची भाजी. धनेशने दोनदा मागून घेतली. वर म्हणाला, आज मेथी एकदम कोवळी मिळाली कुठे. बाबा त्यांच्या त्या गरीब चेहऱ्याने म्हणाले, 'तुजी आय परली तिच्यावर, म्हनून कवली झाली.'

त्याने ताट पुढे सारलं. मग जे काही झालं ते सगळं सांगत बसत नाही. सार असं की मागचा ब्रेक बसल्याशिवाय सायकल दाराबाहेर जाणार नाही. आई म्हणाली, ब्रेक बसला तर हात कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर? धनेश उठला, खिडकीच्या गजाला साखळी घालून सायकलला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी ही दोघं मायलेकरं.

पुढचे चार दिवस आमच्या दारात एकच विषय. पुढचा एक ब्रेक पुरतो की नाही? ज्याला त्याला मत होतं. गल्लीतले निम्मे म्हणायचे, लहानपणी आम्हाला शिकवलेलं पुढचा ब्रेक दाबायचाच नाही, माणूस तोंडावर आपटतो. रंभाकाकी अजून दात घेऊन फिरते हेच नवल. शेवटी धनेशने टॉवरमधल्या साकेतला पकडून आणलं. साकेत आयटीत आहे, रविवारी घट्ट कपडे घालून लोणावळ्यापर्यंत सायकलने जाऊन येतो, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा मानायचा असं ठरलं. तो म्हणाला, उलट आहे काका, थांबवतो तो पुढचाच. ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, पकड तिथेच असते, मागचं नुसतं घसटत जातं. आईने विजयी चेहऱ्याने त्याच्यापुढे लाडू ठेवला. धनेश म्हणाला, बरं, आणि ती एक तार तुटली तर? साकेत म्हणाला, मग काहीच नाही. आणि रेतीवर पुढचं चाक घसरलं तर? मग पडणारच. मागचं घसरलं तर माणूस सावरतो. धनेशने त्याच्यापुढे दुसरा लाडू ठेवला. साकेतने दोन्ही खाल्ले आणि दोघांनाही वाटलं आपणच जिंकलो.

मला विचाराल तर साकेतचं म्हणणं सरळ होतं. एक ब्रेक थांबायला पुरतो, भरवशाला पुरत नाही. पण सुनेला कोण विचारतो.

साकेतने जाता जाता एक उपाय सांगितला. त्याच्या बायकोकडे एक सायकल होती, तिला पेडल उलट मारलं की मागचं चाक थांबतं. हाताला काही कामच नाही. मला तर वाटलं, सुटलं बाई कोडं. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आईला त्या सायकलवर बसवलं. आई खुशीत निघाली, डाव्या हाताने ताल, तोंडाने गाणं. पहिली ओळ संपली, सवयीने तिने पेडल उलट मारलं आणि सायकल गपकन उभी. पुन्हा निघाली, दुसरी ओळ संपली, पुन्हा उभी. वॉचमन हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात. चौथ्या ओळीला आई उतरली, सायकल साकेतच्या हातात दिली आणि म्हणाली, 'ही सायकल हाय का सासू? दर ओलीला आरवी येते.' मी मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

तिथे गोष्ट थांबली आणि कुलूप तसंच राहिलं. आईने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गप्प झाली. लग्नांना रिक्षाने जायला लागली आणि माझ्या भाकऱ्यांना नावं ठेवणं तिने बंद केलं. आधी मला वाटलं, अरे वा. आठवड्याने मला भीती वाटायला लागली.

मग एकदा ती दारात बसून वाल सोलत होती, गुणगुणत होती, आणि मधेच थांबली. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच थांबली. माझ्याकडे बघून विचारलं, पुढे काय गो? मला काय माहीत. मी म्हटलं, आठवेल. तिने कल्याणला प्रमोदिनी मावशीला फोन लावला. पण मावशीने जन्मभर झेललेलं, पुढे कधी म्हटलेलंच नाही. तिला ओळीचं शेपूट तेवढं माहीत. दोघी फोनवर बराच वेळ शेपूट धरून बसल्या, गाणं काही आलं नाही.

आणि माघात तर शिवानीचं लग्न. शिवानी म्हणजे शीलाची मुलगी, आईची एकुलती नात, कोलशेतची. शिवानी जन्मली तेव्हाच आईने सांगून ठेवलेलं, हिच्या मांडवात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी म्हणणार. आता तीच आई एका दुपारी मला म्हणाली, 'बायो, शीलाला सांग दुसरी धवलारीन बघायला. नातीच्या मांडवान मी अरकली तं लोकं हसतील ते हसू दे, पन पोरीचा मांडव अर्धा रायल.' तिचे डोळे भरले होते. मी तिला आजवर रडताना पाहिलेलं नव्हतं. मला धनेशचा इतका राग आला की त्या दिवशी मी त्याला डबा दिला नाही.

त्याला सांगितलं सगळं. तो म्हणाला, वयाने होतं गं तसं, सायकलचा काय संबंध. वर म्हणाला, आई पडून हाड मोडून बसली तर तू दवाखान्यातून सुट्टी घेणारेस का. त्याचंही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. तो घाबरला होता, बाकी काही नाही. दुसरी धवलारीण शोधायला गेलो तर आजकाल त्या आहेत किती? ज्या आहेत त्यांच्या तारखा गेलेल्या. शेवटी आईच उभी राहणार असं ठरलं, आणि जे होईल ते होईल.

मांडवाचा दिवस आला. सकाळी धनेशने आम्हा सगळ्यांना शिकवायच्या गाडीत घालून कोलशेतला नेलं. आई मागे खिडकीशी बसलेली, ओठ हलत होते. ढोकाळीला सिग्नल लागला तसे ओठ थांबले, आणि नंतर हललेच नाहीत. 

आगऱ्यांच्या मांडवात उंबराची फांदी लागते. नवरीचा मामा ती घेऊन येतो. शिवानीचा मामा म्हणजे आमचाच धनेश. फांदी दाराशी आली की धवलारीण उंबराला विचारते, उंबर उत्तर देतो, तेही तिच्याच तोंडून, आणि उत्तर दिल्यावरच फांदी मांडवात रोवायची. उत्तराशिवाय रोवत नाहीत. अंगणात बायका दाटीवाटीने बसलेल्या, शिवानी पाटावर, धनेश दारात फांदी खांद्यावर घेऊन उभा. आईने सुरू केलं. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत. बांबू आला, आंब्याचा टहाळा आला, सगळं नीट झालं. मग उंबर.

'उंबरा रे देवा, तुला आनाया कोन येल?
आनाया येल गो, नवरीचा मामा येल.'

आता उंबराने बोलायचं. आई थांबली. डाव्या हाताची बोटं मांडीवर आपटत होती. तिने पुन्हा तीच ओळ म्हटली आणि पुन्हा तिथेच थांबली. बायका वाट बघत होत्या. कुणीतरी पाणी पुढे केलं, आईने घेतलं नाही. शिवानी खालमानेने बसली होती, ती आता वर बघायला लागली. शीलाने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आई तिसऱ्यांदा त्या ओळीकडे गेली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

आणि दारातून आवाज आला. फाटका, जाडाभरडा, वर्षानुवर्षं 'क्लच सोड, क्लच सोड' ओरडून बसलेला.

'उंबर बोलं गो, मी एकला नय येनार,
सावली माजी गो, मांगून येनार.'

सगळ्या बायकांच्या माना एकदम वळल्या. धवलं, म्हणजे ही लग्नाची गाणी, पुरुष म्हणत नाहीत. कधीच नाहीत. आणि हा मिशीवाला गडी खांद्यावर फांदी घेऊन, लाल पडलेल्या तोंडाने, चाल एवढीशी न चुकवता म्हणत होता. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या, मीही हसले. एक आई हसली नाही. तिने ती ओळ झेलली. जन्मभर पुढे म्हणणारी बाई त्या दिवशी आपल्या मुलाच्या मागून म्हणत होती. तो पुढे, ती मागे, असं उंबराचं सगळं गाणं झालं आणि फांदी मांडवात उभी राहिली. मी रडत होते. का ते मला विचारू नका, मला आनंद झाला की मी रडतेच.

जेवणं झाल्यावर मी त्याला गाठलं. तुला हे येतं कुठून? तो आधी म्हणाला, काय माहीत, आलं तोंडातून. मग हळूहळू बोलायला लागला. लहानपणी आई त्याला कॅरिअरवर बसवून लग्नांना न्यायची. पडू नये म्हणून तो तिच्या कमरेला मिठी मारून, पाठीला कान लावून बसायचा. बाळकुम ते कोलशेत, बाळकुम ते काल्हेर, पूल ओलांडून पलीकडे. गाणी त्याने कधी शिकली नाहीत, ती त्याच्यात मुरली. आज आई थांबली तेव्हा त्याला आधी ते चाकाचं कर्रर्र आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ ओळ आली.

'अक्षदा,' तो म्हणाला, 'मला वाटलेलं मी सायकलला कुलूप लावलं. मी हिच्या डोक्यालाच लावून बसलोय गं.'

मी म्हटलं, मग काढ की. तर म्हणतो, काढतो, पण एका ब्रेकवर नाही सोडणार. म्हटलं ना, पीळ जळत नाही.

त्याच दुपारी घरी येऊन त्याने कुलूप काढलं आणि तो सायकल घेऊन ट्रेनिंग स्कूलच्या गाळ्यात गेला. शिकवायच्या गाडीत त्याचं पेडल आणि शिकणाऱ्याचं पेडल एकाच तारेने जोडलेली असतात. दोघांपैकी कुणीही दाबलं तरी ब्रेक एकच लागतो. याने ते उलट केलं. उजव्या हाताच्या एकाच खटक्यातून दोन तारा काढल्या, एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. मागची जराशी आधी ओढली जाईल अशी बसवली. एक तुटली तरी दुसरी राहते. डावी मूठ मोकळीच ठेवली. संध्याकाळच्या चहाला सायकल दारात आणून उभी केली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

आईने सायकलभोवती एक चक्कर मारली. बाबांनी चष्मा लावून तारा बघितल्या आणि मान हलवली, बाबांकडून एवढं म्हणजे पदक. आई बसली, गल्लीच्या उतारावरून सोडली, खाली नेऊन खटका दाबला. दोन्ही चाकं धरली, सायकल सरळ उभी. आई वळून वर आली. धनेशला म्हणाली, खटका जड लागतो, जरा सैल कर. धनेशने लगेच पाना काढला. त्या रात्री तिने माझ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, कडा जाड राहिल्यात. मी देवापुढे साखर ठेवली.

लग्नाच्या सकाळी ती सायकलवरच निघाली. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, डोक्यात अबोलीचा गजरा. धनेश आणि बाबा सामान घेऊन आधीच पुढे गेलेले, मी स्कूटरवर तिच्या मागे मागे. टॉवरच्या गेटवर साकेत उभा होता, त्याने तिला हात केला, आईने डावा हात वर करून त्याला दाखवला. मग ती गायला लागली. एकामागून एक गाणी येत होती, कर्रर्र, पुढची ओळ, कर्रर्र, पुढची ओळ. मी हॉर्न न वाजवता मागे राहिले. मागचा टेम्पोवाला शिव्या देत होता, देऊ दे म्हटलं. शिवानीच्या मांडवात तिला अडलेलं ते उंबराचं गाणंही तिने म्हटलं, विचारणं आणि उत्तर, दोन्ही, कुठेही न अडता.

लग्न झोकात लागलं. अक्षता पडल्या, ढोल वाजले, आणि नवरी निघायच्या आधी मांडवाचा निरोप घेतात तेव्हा बायकांनी आईला उंबराचं गाणं पुन्हा म्हणायला लावलं. सगळे पुरुष कडेला खुर्च्यांवर, त्यात धनेश नवा शर्ट घालून. आईने सुरू केलं.

'उंबरा रे देवा, तुला आनाया कोन येल?
आनाया येल गो, नवरीचा मामा येल.'

आणि ती थांबली. डोळे मिटून, बोटं मांडीवर, अगदी मांडवाच्या दिवशीसारखी. धनेश खुर्चीवरून अर्धा उठला, इकडेतिकडे बघितलं, आणि मग खुर्ची मागे सारून बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आईच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसला. घसा खाकरला. 'उंबर बोलं गो, मी एकला नय येनार.' आईने डोळे न उघडता ओळ झेलली. यावेळी कुणी हसलं नाही. शिवानी दोघांकडे बघत रडत होती, हसत होती, मेकअपची वाट लागलेली. नंतर आईने त्याच्यासाठी पुढचं गाणंही अर्धं सोडून दिलं, आणि त्याच्या पुढचंही.

बाबा शीलाकडेच थांबले आणि माझी स्कूटरही तिथेच ठेवली, म्हणून घरी येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. सायकलवाली पुढे, आम्ही मागे. धनेश म्हणाला, 'बघितलंस? आई परत विसरली. मी होतो म्हणून.'

मी म्हटलं, 'हो रे. तू होतास म्हणून.'